तेरला जाताय? घाई घरी ठेवून निघा

लातूरहून बार्शीकडे जाणारा रस्ता मुरूड सोडून ढोकीला पोचतो. तिथून जवळच तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण त्याला ओळखतो. तुळजापूरला जाता-येता अनेक घरांतली माणसं समाधीवर माथा टेकून पुढे जातात. त्यातली थोडीच माणसं गावातल्या कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयाची पायरी चढतात, आणि जी चढतात त्यातली बरीचशी अर्ध्या तासात बाहेर येतात. खापरं आहेत, मणी आहेत, मोडक्या मूर्ती आहेत, असं म्हणून गाडीत बसतात.

या संग्रहालयातल्या वस्तूंवर देशोदेशीच्या अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. तिथला एखादा मातीचा तुकडा दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमशी असलेलं आपलं नातं सांगतो. लातूरकरांना हे सगळं सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ आहे. नांदेडकरांना मुक्कामाचा बेत करावा लागेल, पण तोही सत्कारणी लागेल. मात्र ते दिसायला एक पथ्य पाळावं लागतं. सगळं बघायचा हट्ट सोडायचा, मोजक्या वस्तू निवांत बघायच्या, आणि त्या जिथून आल्या ती जागाही पायाखालून घालायची. हा लेख त्यासाठीच आहे.

घरून निघण्याआधी

संग्रहालयात पाट्या वाचत इतिहास शिकणं फार अवघड जातं. उभ्याने वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि पाटी वाचण्याच्या नादात वस्तू बघायची राहून जाते. म्हणून तीन गोष्टी घरीच समजून घ्या.

पहिली गोष्ट, तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे समुद्री व्यापाराचं मार्गदर्शक लिहिलं. त्यात पैठण आणि तगर या दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे, तिथून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जातो, असं तो लिहितो. हे तगर म्हणजेच आपलं तेर, ही गोष्ट अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडली आणि ती आज सर्वमान्य आहे. पुढे कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. राज्य दूर कुठे तरी असलं तरी मूळ सांगायचं ते तेरचं, एवढा या नगराचा मान होता.

दुसरी गोष्ट काळाची. संग्रहालयातल्या बऱ्याच वस्तू सातवाहन काळातल्या आहेत. ढोबळ मानाने इसवी सनापूर्वीची दोन शतकं आणि नंतरची दोन शतकं, एवढा पट डोळ्यांपुढे ठेवला तरी पुरे. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी, नाशिकची पांडवलेणी आणि कार्ल्याचं चैत्यगृह याच पटात येतात. शिवरायांच्या काळापासून आपण जितके लांब आहोत, त्याच्या पाच-सहापट मागे जायचं आहे, असा हिशेब मुलांना सांगा. त्यांना तो चटकन कळतो.

तिसरी गोष्ट, हा संग्रह आला कुठून. मराठवाड्यात माळवदाच्या घरांवर टाकायला जुन्या टेकाडांची पांढरी माती नेण्याची रीत होती. माती खणताना, नांगरताना आणि पहिल्या पावसाने टेकाड धुऊन निघाल्यावर वस्तू वर येत. बहुतेकांच्या लेखी त्या खापराच्या ठिकऱ्या होत्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या मोलाच्या मानल्या. वर्षानुवर्षं त्या गोळा केल्या, जपल्या. तोच संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्या नावाचं हे संग्रहालय उभं राहिलं. १९५८ मध्ये बी. एन. चापेकर यांनी आणि नंतरच्या काळात शां. भा. देव यांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. घरी जपलेल्या वस्तूंना त्यामुळे थरांचा आणि काळाचा आधार मिळाला.

कसं जायचं, केव्हा जायचं

लातूरकरांना स्वतःच्या गाडीने मुरूड-ढोकी हाच सरळ मार्ग. एसटीने जायचं तर बार्शीकडे जाणाऱ्या गाडीने ढोकीला उतरून तेरचं वाहन पकडावं. धाराशिवहूनही तेर जवळ आहे. नांदेडहून लातूर साधारण १४० किलोमीटर. तेव्हा नांदेडकरांनी एका दिवसात सगळं उरकू नये. आदल्या रात्री लातूरला किंवा धाराशिवला मुक्काम करावा आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी तेर गाठावं. दुसऱ्या दिवशी तुळजापूर किंवा येडशीचं रामलिंग जोडता येतं.

दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. गावातली ठिकाणं पायी फिरायची असल्याने वैशाखातलं ऊन टाळलेलं बरं. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांच्या पुण्यतिथीची यात्रा भरते. यात्रा अनुभवायची तर जरूर त्या दिवसांत जा, पण संग्रहालय शांतपणे बघायचं असेल तर तो मुहूर्त टाळा.

शासकीय संग्रहालयांना आठवड्याची सुट्टी असते, सरकारी सुट्ट्या असतात, आणि कधी दालनांचं काम चालू असतं. म्हणून निघण्याआधी चौकशी करा. लांबून येणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र आधी पाठवावं. एकदम शंभर मुलं दारात उभी राहिली की कर्मचाऱ्यांचीही तारांबळ होते आणि मुलांच्याही हाती काही लागत नाही.

सोबत काय घ्यावं? एक वही, एक पेन्सिल आणि जमलं तर एक साधं भिंग. संग्रहालयात पेनाऐवजी पेन्सिल बरी, शाईचा डाग कुठे पडला तर तो निघत नाही. फोटो काढायची परवानगी आहे का, हे आत शिरतानाच विचारा. असली तरी फ्लॅश मारू नका. फोटोपेक्षा चित्र काढणं जास्त उपयोगी पडतं. चित्र वाईट आलं तरी चालेल. रेघ ओढायची तर नीट बघावं लागतं, आणि त्या बघण्यासाठीच आपण गेलेलो असतो.

दोन फेऱ्या मारा

आत शिरल्यावर पहिली फेरी पाट्या न वाचता मारा. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. कुठे काय आहे याचा अंदाज घ्या आणि ज्या वस्तूने पाय थबकले तिची जागा लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत त्या चार-पाच वस्तूंकडेच जा. प्रत्येकीपुढे पाच मिनिटं उभं राहा आणि स्वतःला चार प्रश्न विचारा. ही कशाची आहे? कशी बनवली? कुणी वापरली असेल? आणि इथे कशी पोचली? पाटी त्यानंतर वाचा. पाटीवरचं एक वाक्य मग दहा वाक्यांएवढं सांगून जातं.

तेरला थांबावंच अशा काही वस्तू खाली देतो. मांडणी वेळोवेळी बदलते, एखादी मौल्यवान वस्तू सुरक्षेसाठी आत ठेवलेली असते, तिच्या जागी प्रतिकृतीही असू शकते. तिथल्या कर्मचाऱ्यांना अदबीने विचारा. कुणी मनापासून विचारलं की तेही मनापासून सांगतात.

साच्यातल्या मूर्ती. तेरच्या मातीच्या छोट्या मूर्ती हे या संग्रहाचं खरं वैभव. त्यांतल्या कितीतरी केओलिन नावाच्या पांढरट, मऊसूत मातीच्या आहेत. या मूर्तींची करणी समजून घ्या. पुढच्या बाजूचा एक साचा आणि पाठीचा एक साचा असे दोन साचे करत. दोन्हींत माती दाबून बसवत आणि अर्धे भाग ओले असतानाच एकमेकांना जोडत. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ राही, हलकी होई आणि भाजताना तडकत नसे. आता मूर्तीकडे समोरून न बघता बाजूने बघा. कानापासून खांद्यावरून खाली येणारी जोडाची बारीक रेघ दिसते का? फुटलेल्या मूर्तीच्या आतल्या बाजूला माती दाबणाऱ्या बोटांचे खळगे दिसतात का? दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं बोट जिथे टेकलं होतं, ती जागा आपण बघत असतो. नंतर केसांची रचना, कानातले, कमरेचा पट्टा यांकडे या. त्या काळच्या बायका-पुरुषांच्या हौशीमौजेची अशी तपशीलवार माहिती दुसरीकडे सहसा मिळत नाही.

याच मूर्तींत लज्जागौरी शोधा. मातृदेवतेचं हे रूप तेर, भोकरदन, नेवासे अशा जुन्या नगरांत सापडलं आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या नावाचा ग्रंथच लिहिला आहे. तेरला जाण्याआधी किंवा आल्यावर तो वाचनालयातून जरूर आणा. मूर्ती बघून संकोच वाटू देऊ नका आणि मुलांपुढून घाईने पुढे सरकूही नका. पीक यावं, लेकरू व्हावं, घर भरलेलं राहावं, ही जी मागणी आपण आजही देवीपुढे करतो, तीच या मातीत आहे.

हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची कथा इटलीपर्यंत जाते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई हे रोमन शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. हातभर बांगड्या, पायात जाडजूड वाळे, दोन बाजूंना दोन छोट्या दासी आणि तळाशी खरोष्ठी अक्षर. ती भारतातून गेलेली होती यात शंका नव्हती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती तेरला मिळाली, आणि १९७३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तशाच एका मूर्तीचा खालचा भाग मिळाला. म्हणून पॉम्पेईची मूर्ती मराठवाड्यातल्याच कारागिरांच्या हातची असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पॉम्पेईच्या मूर्तीला डोक्यातून आरपार छिद्र आहे. ती आरशाची मूठ होती की एखाद्या छोट्या आसनाचा पाय, यावर वाद आहे. तेरच्या मूर्तीपुढे उभं राहून तुम्हीही विचार करा, ही नुसती ठेवायची की कशाला तरी जोडायची? घरून निघताना पॉम्पेईच्या मूर्तीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा आणि दोन्ही शेजारी धरून बघा.

रोमन नाण्यांची मातीची नक्कल. नाण्यासारखी गोल, वर अडकवायला छिद्र किंवा कडी असलेली मातीची पदकं पाहा. त्यांवर रोमन सम्राटाचा मुखवटा उमटवलेला असतो. खरं सोन्याचं नाणं ज्याला परवडत नव्हतं त्याने मातीचं गळ्यात घातलं. परदेशी वस्तूची हौस तेव्हाही होती आणि तिची स्वस्त आवृत्ती काढणारा हुशार कुंभारही होता. भिंग इथे काढा. चेहऱ्याभोवतीची अक्षरं नीट उमटलेली आहेत की नुसत्या रेघोट्या आहेत, ते बघा. लिपी न कळणाऱ्या हाताने अक्षरांची नक्कल केली तर ती ओळखू येते.

मणी, शंखाच्या बांगड्या आणि नाणी. या कपाटांपुढे लोक सर्वांत कमी थांबतात. शंखाच्या बांगडीचा तुकडा बघताना समुद्र तेरपासून किती लांब आहे याचा विचार करा. शंख किनाऱ्यावरून आला असणार. गाडीवानाने, बैलाने, घाटवाटेने तो इथवर आणला. काचेचे आणि रंगीत दगडांचे मणी बघताना त्यांची छिद्रं बघा. गारेसारख्या कठीण दगडाला एवढं बारीक आणि सरळ भोक पाडायला किती वेळ आणि किती सराव लागला असेल? सातवाहनांची नाणी बरीचशी शिशाची किंवा मिश्रधातूची आहेत. त्यांवर हत्ती, झाड, चैत्य अशी चिन्हं शोधा. सोन्याचांदीचं काही दिसत नाही म्हणून नाराज होऊ नका. स्वस्त धातूची नाणी रोजच्या बाजारात चालत, म्हणजे भाजी-धान्य घेणाऱ्या साध्या माणसाच्या हातातून ती फिरली आहेत.

उत्तरेश्वराची लाकडी चौकट. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी दारचौकट संग्रहालयात जपलेली आहे. लाकूड आपल्या हवेत टिकत नाही. वाळवी, ओल, ऊन यांतून शेकडो वर्षांची चौकट वाचणं ही मोठी गोष्ट आहे. दगडी मंदिराच्या द्वारशाखा तुम्ही औंढ्याला किंवा निलंग्याला पाहिल्या असतील. त्याच पट्ट्या, वेली आणि आकृत्या लाकडात कशा उतरतात, हे इथे पडताळता येतं.

मग गावात चला

संग्रहालय पाहून थेट गाडीत बसू नका. पाणी पिऊन, डबा खाऊन गावात निघा.

आधी त्रिविक्रम मंदिर. विटांचं, मागची बाजू अर्धगोल आणि वर गजपृष्ठाकार छत असलेलं हे मंदिर महाराष्ट्रात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक मानलं जातं. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक सांगतात. कार्ल्याला किंवा अजिंठ्याला डोंगरात कोरलेली चैत्यगृहं आपण पाहतो. तसं उभं बांधलेलं चैत्यगृह कसं दिसत असेल, याचं उत्तर इथे मिळतं. पुढचा मंडप नंतरचा आहे. आत विष्णूचं त्रिविक्रम रूप पुजलं जातं. बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला, मागच्या गोलाईपाशी थांबा आणि विटांचा आकार आपल्या आजच्या विटेशी ताडून बघा. हे पूजेतलं देऊळ आहे. चपला बाहेर, आवाज हळू, आणि गाभाऱ्याचा फोटो पुजाऱ्यांना विचारून.

मग उत्तरेश्वर. संग्रहालयात चौकट पाहिली ती इथली, हे लक्षात ठेवून विटांवरची नक्षी बघा.

शेवटी तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ हे त्यांच्या समाधीचं साल. सकाळी आपण सातवाहनकाळच्या कुंभारांची करणी पाहिलेली असते. त्यानंतर हजारावर वर्षांनी याच गावात एक कुंभार संतांचा ‘काका’ झाला, आणि थापटण्याने संतांची कच्ची-पक्की मडकी पारखण्याची कथा त्याच्याच अंगणात घडली असं आपण मानतो. तेरची माती आणि तेरचे कुंभार हा एकच लांबलचक धागा आहे. संग्रहालयातून समाधीकडे चालत गेलात तर तो तुम्हाला आपोआप सापडेल. म्हणून दर्शन आधी आणि संग्रहालय नंतर असा क्रम शक्य असेल तर उलटा करा.

मुलांना नेताना

मुलांना ‘हात लावू नका’ एवढंच सांगितलं तर ती कंटाळतात. त्यांना काम द्या. एकाला प्राणी शोधायला सांगा, एकीला दागिने, एकाला भांड्यांवरची नक्षी. प्रत्येकाने एक चित्र काढायचं आणि जेवताना त्याबद्दल सगळ्यांना सांगायचं. दालनात तासाभरापेक्षा जास्त वेळ मुलांना थांबवू नका.

घरी आल्यावर एक प्रयोग करून बघा. शाडू माती आणा, पिठाच्या गोळ्यात एखादी छोटी मूर्ती दाबून साचा करा आणि त्यात माती भरा. पहिल्या खेपेला माती साच्याला चिकटेल, नाक तुटेल, कडा फाटतील. तेरच्या कारागिराचं कसब त्या तुटलेल्या नाकातून मुलांना जितकं कळतं, तितकं कोणत्याही धड्यातून कळत नाही.

आजी-आजोबांना सोबत न्याच. दळणाची, भरडण्याची, साठवणीची जुनी साधनं दिसली की त्या वस्तू कशा वापरायच्या हे सांगणारी शेवटची पिढी तीच आहे.

शेतात काही सापडलं तर

तेरच्या टेकाडांवरून चालताना पायाखाली खापरं दिसतील. मणी दिसेल, कधी बांगडीचा तुकडा दिसेल. तो उचलून खिशात टाकायचा मोह होतो. टाकू नका. वस्तू जिथे, ज्या थरात, ज्या इतर वस्तूंच्या शेजारी असते, त्यावरून तिचा काळ ठरतो. जागेवरून हलली की तिची निम्मी साक्ष पुसली जाते. खिशातला मणी घरी ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि पुढच्या पिढीत केरात जातो.

हा नुसता शिष्टाचार नाही, कायदाही आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं येतात. अशा वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. नांदेड-लातूरकडे जुनी गावठाणं कितीतरी आहेत. विहीर खणताना, घराचा पाया काढताना मूर्ती निघाली तर ती धुऊन, शेंदूर किंवा ऑइलपेंट लावून पारावर मांडू नका. जागेवर फोटो घ्या, काम थांबवा आणि तलाठ्यांना किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

तेरनंतर कुठे

तेर आवडलं तर पैठणला जा. तिथलं बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालयही असंच एका माणसाच्या ध्यासातून उभं राहिलं आहे. पेरिप्लसमधली दोन्ही नगरं त्यातून तुमची पाहून होतील. नांदेडकरांनी कंधारला राष्ट्रकूटकाळच्या प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष आणि देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं बघावीत. लातूरकरांना औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. पद्धत तीच ठेवा, थोडं बघा आणि थांबून बघा.

आणि बालीला गेलात तर

थांबून बघायची ही पद्धत परदेशातही उपयोगी पडते. आपल्याकडची बरीच कुटुंबं आता बालीला जातात. समुद्रकिनारा, झोके, भातखाचरं यांत चार दिवस संपतात. त्यातली एक सकाळ तिथल्या उबुद गावासाठी राखून ठेवा. १९३६ मध्ये तिथल्या राजघराण्यातले चोकोर्दा गदे आगुंग सुकावती, चित्रकार रुडॉल्फ बॉनेट आणि वॉल्टर श्पीस यांनी स्थानिक कलावंतांची ‘पिता महा’ ही संघटना उभी केली. चांगली चित्रं पर्यटकांच्या हातून बेटाबाहेर चालली होती, ती बेटावर राहावीत या तळमळीतून पुढे १९५६ मध्ये ‘पुरी लुकिसान’ संग्रहालय उघडलं. नंतर सुतेजा नेका या पूर्वाश्रमीच्या शिक्षकाने १९८२ मध्ये आणि आगुंग राय यांनी १९९६ मध्ये स्वतःच्या संग्रहातून संग्रहालयं काढली. तेरच्या लामतुऱ्यांनी जे केलं त्याच जातीचं हे काम आहे.

या संग्रहालयांत परंपरेतली आणि आजची चित्रं एका छताखाली असतात. मराठी माणसाने सुरुवात कामासान शैलीपासून करावी. कापडावरच्या या चित्रांत रामायण-महाभारत आहे, त्यामुळे पाटीशिवायच बरंच ओळखू येतं. बारीक लांबट डोळे आणि नाजूक बांधा म्हणजे देव किंवा सज्जन, वटारलेले गोल डोळे आणि सुळे म्हणजे राक्षस, एवढी खूण पुरते. एकाच चित्रात तेच पात्र दोन-तीनदा दिसलं तर गोंधळू नका, कथेतले वेगवेगळे प्रसंग एकाच पटावर मांडलेले असतात. पुढे १९३० च्या दशकातली उबुदची चित्रं बघा, तिथे देवांच्या जागी बाजार, कापणी, कोंबड्यांची झुंज आलेली दिसते. बातुआन गावची चित्रं काळपट, गच्च भरलेली, तिथे भिंगाची आठवण येईल. १९६० च्या सुमाराला चित्रकार आरी स्मित यांच्या प्रोत्साहनाने पेनेस्तानान गावच्या पोरांनी काढलेली चित्रं भडक, मोकळ्या रंगांची. हा क्रम धरून गेलात तर जुन्याचं नवं कसं झालं ते पायरी-पायरीने दिसतं.

बालीच्या उत्तर किनाऱ्यावर सेंबिरान नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भारतातून गेलेली भांडी सापडली. म्हणजे तेरच्या गाड्या पश्चिमेला भडोचकडे चालल्या होत्या, त्याच काळात भारतातली गलबतं पूर्वेला बालीपर्यंत पोचत होती. तेर पाहून बालीला गेलेल्या माणसाला हे बेट परकं वाटणार नाही.

एवढं जरूर करा

घरी आल्यावर त्याच रात्री वहीत तीन गोष्टी लिहा. सर्वांत आवडलेली वस्तू, न कळलेली वस्तू आणि पुन्हा बघायची वस्तू. न कळलेल्या वस्तूबद्दल वाचनालयात शोधा, गावातल्या इतिहासाच्या शिक्षकांना विचारा. मग सहा महिन्यांनी परत जा आणि या खेपेला कुणाला तरी सोबत घेऊन जा. संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत ‘छान’ एवढंच लिहून थांबू नका. कोणत्या वस्तूबद्दल अधिक माहिती हवी होती, कुठे उजेड कमी पडला, मुलांना काय आवडलं, ते नाव घालून लिहा. येणारी माणसं विचारणारी आहेत हे दिसलं तर मांडणीही सुधारते.

लातूर आणि नांदेडच्या शाळांनी वर्षातून एक सहल तेरला काढावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. खर्च थोडा येतो आणि वाट जवळची आहे. सातवाहनांवर पुस्तकात जेवढा मजकूर असतो त्याहून कितीतरी जास्त या एका गावात आहे. आपल्या भागाला इतिहास नाही, आपण कायम दुष्काळाचे, असं म्हणत मोठी होणारी मुलं मी पाहतो. ज्यांच्या गाड्यांवरचं कापड समुद्रापार जात होतं आणि ज्यांच्या हातच्या वस्तूंची बरोबरी पॉम्पेईत सापडली, त्यांच्या मुलखातली आपण मुलं आहोत, हे त्यांना तेरच्या कपाटापुढे उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी कळू द्या.